मॉरिशसला राहायला जाताना: कागदपत्रांपासून चक्रीवादळापर्यंत

मॉरिशसबद्दल मराठीत जे लिहिलेलं सापडतं ते बहुतेक मधुचंद्राच्या सहलीसाठीचं. निळं पाणी, सात रंगांची माती, बोटीतून बेटावर जेवण. चार दिवसांच्या पाहुण्याला तेवढं पुरतं. पण नोकरी, व्यवसाय किंवा जोडीदाराच्या बदलीमुळे तिथे घर मांडायला जाणाऱ्याला वेगळीच माहिती लागते: कोणता कागद आधी, घर कुठल्या गावात, पाऊस कधी, दुकानात बोलायचं कसं. आम्ही कुटुंबासह हे सगळं केलं आहे. म्हणून ज्या क्रमाने कामं करावी लागतात त्याच क्रमाने लिहिते आहे.

१. आधी नकाशा आणि ऋतू समजून घ्या

मुख्य बेटाचं क्षेत्रफळ सुमारे १,८६५ चौरस किलोमीटर, म्हणजे बृहन्मुंबईच्या साधारण तिप्पट. लोकसंख्या मात्र साडेबारा लाखांच्या आसपास. मादागास्करच्या पूर्वेला, हिंदी महासागरात हा देश आहे. पूर्वेकडे सुमारे ६०० किलोमीटरवरचं रॉड्रिग्ज आणि उत्तरेकडचं आगालेगा ही बेटंही त्यातच येतात. घड्याळ भारताच्या दीड तास मागे. मुंबईहून थेट विमान सहा तासांच्या आसपास घेतं.

बेटाच्या मधोमध पठार आहे आणि सभोवार किनारपट्टी. राहणाऱ्यासाठी सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच. क्युरपिप हे पठारावरचं गाव जवळजवळ पुण्याच्या उंचीवर आहे, आणि तिथून राजधानी पोर्ट लुईला खाली उतरलं की तासाभरात स्वेटर काढून घाम पुसायची वेळ येते. विमानतळ आग्नेयेला माएबुर्गजवळ, तर राजधानी वायव्येला. त्यामुळे "विमानतळाजवळ" अशी जाहिरात असलेलं घर ऑफिसपासून अगदी दुसऱ्या टोकाला असू शकतं.

ऋतू आपल्या उलट. मे ते ऑक्टोबर थंडी, नोव्हेंबर ते एप्रिल उन्हाळा, आणि जोराचा पाऊस जानेवारी ते मार्च. दिवाळी उकाड्यात येते, आंबे नाताळच्या सुमारास. जुलैत क्युरपिपला पाय ठेवणाऱ्याने जाड पांघरूण सोबत ठेवावं. तिथल्या घरांत हीटर क्वचितच असतो आणि हवा ओलसर असते.

थोडा इतिहासही कामाचा आहे, कारण रोजच्या व्यवहारात तो आडवा येतो. या बेटावर मूळचे रहिवासी कुणी नव्हते. १५९८ मध्ये डच आले, १७१५ मध्ये फ्रेंचांनी ताबा घेतला, १८१० मध्ये ब्रिटिशांनी बेट जिंकलं, पण फ्रेंच भाषा आणि कायदे तसेच राहू दिले. म्हणून आजही संसदेचं कामकाज इंग्रजीत, वर्तमानपत्रं बहुतेक फ्रेंच, बोलणं क्रेओलमध्ये (फ्रेंचमधून घडलेली तिथली बोलीभाषा) आणि दिवाणी कायद्याचा पाया नेपोलियनच्या संहितेवर. १८३४ पासून उसाच्या मळ्यांसाठी भारतातून गिरमिटिया, म्हणजे कराराने बांधलेले, मजूर आणले गेले. साडेचार लाखांच्या आसपास माणसं त्या काळात इथे उतरली. ती जिथे उतरत तो पोर्ट लुईचा आप्रवासी घाट २००६ पासून जागतिक वारसा आहे. १२ मार्च १९६८ ला देश स्वतंत्र झाला आणि १९९२ मध्ये त्याच तारखेला प्रजासत्ताक.

२. कोणत्या परवान्यावर जाताय ते लेखी ठरवा

भारतीय पारपत्रावर पर्यटनासाठी आधी व्हिसा काढावा लागत नाही. परतीचं तिकीट, राहण्याचा पत्ता आणि खर्चाची सोय दाखवली की विमानतळावरच प्रवेश मिळतो. ही सोय फिरण्यापुरतीच आहे. "आधी पर्यटक म्हणून या, नंतर कागद करू" असं कुणी सांगितलं तर थांबा. पर्यटक म्हणून येऊन काम सुरू करणं बेकायदा आहे, आणि त्याचे परिणाम कंपनीपेक्षा तुम्हाला जास्त भोगावे लागतात.

राहण्यासाठीचे मुख्य रस्ते असे:

ऑक्युपेशन परमिट. काम आणि वास्तव्य दोन्हींचा एकत्र परवाना. ठरावीक पगाराच्या वर असलेले व्यावसायिक, गुंतवणूकदार आणि स्वयंरोजगार करणारे यांच्यासाठी. अर्ज ऑनलाइन होतो, आर्थिक विकास मंडळ आणि पारपत्र व आप्रवासन कार्यालय तो बघतात. जोडीदार आणि मुलांना त्याच्या आधारे वास्तव्याचा परवाना मिळतो.

वर्क परमिट. बांधकाम, कारखाने, हॉटेलं अशा ठिकाणच्या कामगारांसाठी. अर्ज मालक करतो.

प्रीमियम व्हिसा. २०२० मध्ये सुरू झाला. बाहेरच्या देशातल्या कंपनीचं काम ऑनलाइन करणाऱ्यांना वर्षभर राहता येतं, पण मॉरिशसमधल्या मालकाकडे काम करता येत नाही.

पगाराची मर्यादा आणि शुल्क सरकार अधूनमधून बदलतं, म्हणून आकडे अर्ज करायच्या दिवशी सरकारी संकेतस्थळावरच पाहा. ओळखीतल्या कुणाचा परवाना कसा झाला यावर विसंबू नका. नोकरीवरचा परवाना त्या नोकरीला बांधलेला असतो. नोकरी बदलायची तर नवी प्रक्रिया. म्हणून करारातली नोटीसची मुदत आणि नोकरी सुटल्यास परतीच्या तिकिटाचा खर्च कुणाकडे, ही दोन कलमं सही करण्याआधी वाचा.

दलालांबद्दल स्पष्ट सांगते. भारतात बसून मॉरिशसची नोकरी विकणारे लोक आहेत. परवान्याची मंजुरी मालकाच्या नावाने आलेली स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय एक रुपयाही देऊ नका, आणि पारपत्र कुणाच्याही ताब्यात देऊ नका.

३. निघण्यापूर्वी जमवायचे कागद

हे सगळं भारतात असतानाच करा. तिथून मागवायला गेलं तर आठवडे जातात आणि कुणातरी नातेवाइकाला मंत्रालयाच्या फेऱ्या पडतात.

- पारपत्र, भरपूर मुदत शिल्लक असलेलं, आणि त्याच्या सगळ्या पानांची स्कॅन प्रत
- जन्मदाखला (मुलांचाही), विवाह नोंदणी प्रमाणपत्र
- पदवी आणि गुणपत्रकं, आधीच्या नोकऱ्यांची अनुभवपत्रं
- पोलीस पडताळणीचा दाखला, पारपत्र सेवा केंद्रातून
- नोकरीचा करार आणि कंपनीचं पत्र
- वैद्यकीय तपासणीचे अहवाल: रक्ततपासण्या, छातीचा एक्स-रे
- पांढऱ्या पार्श्वभूमीचे फोटो, लागतील त्याच्या दुप्पट
- मुलांचा शाळा सोडल्याचा दाखला, प्रगतिपुस्तकं, लसीकरणाचं कार्ड
- वाहनचालक परवाना, आणि आंतरराष्ट्रीय परवाना

पदवी आणि विवाहाच्या कागदांवर आधी राज्य पातळीवरचं साक्षांकन आणि मग परराष्ट्र मंत्रालयाचा अपॉस्टिल (कागद खरा असल्याचा, परदेशात चालणारा शिक्का) करून ठेवा. मराठीत असलेल्या दाखल्यांचं अधिकृत इंग्रजी भाषांतर हवं. नावाच्या स्पेलिंगकडे लक्ष द्या. आपल्याकडे एका कागदावर वडिलांचं नाव मध्ये असतं, दुसऱ्यावर नसतं, लग्नानंतरचं आडनाव तिसऱ्यावर येतं. मॉरिशसच्या खिडकीवरच्या माणसाला ही तिन्ही नावं एकाच बाईची आहेत हे आपोआप कळत नाही. त्यासाठी एक प्रतिज्ञापत्र करून नेलं की बरेच प्रश्न आधीच मिटतात.

वैद्यकीय तपासण्यांपैकी कोणत्या भारतात करायच्या आणि कोणत्या तिथे गेल्यावर, हे कंपनीला ईमेलने विचारून घ्या. तोंडी उत्तरावर अवलंबून राहिलं की त्याच तपासण्यांचे पैसे दोनदा भरावे लागतात.

प्रवासाआधी एक ऑनलाइन अर्ज भरायचा असतो, "मॉरिशस ऑल इन वन" नावाचा. सरकारी संकेतस्थळावर तो मोफत आहे. पैसे मागणारं पान उघडलं तर बंद करा. भारतातून येणाऱ्यांच्या ताप-मलेरियावर तिथला आरोग्य विभाग लक्ष ठेवतो, कारण तिथे मलेरिया उरलेला नाही. तुम्ही दिलेल्या पत्त्यावर आरोग्य कर्मचारी येऊन बोटातून रक्ताचा थेंब घेऊन जाऊ शकतात. घाबरू नका, दार उघडा.

४. सामान: काय न्यावं, काय मुळीच नेऊ नये

गोडा मसाला, मेतकूट, पापड, थालीपिठाची भाजणी न्या, पण छापील वेष्टनातली आणि अर्जावर जाहीर करून. बिया, रोपं, ताजी फळं, भाज्या, पानं नकोत. तुळशीचं रोप नेण्याचा मोह होतो, तोही टाळा. बेटावरच्या शेतीला बाहेरची कीड परवडत नाही आणि कस्टमवाले त्याबाबतीत कडक आहेत.

औषधांकडे विशेष लक्ष द्या. झोपेच्या, चिंतेवरच्या काही गोळ्या आणि ट्रॅमाडॉलसारखी वेदनाशामकं तिथे नियंत्रित औषधांत मोडतात. आई-वडील सोबत येत असतील तर त्यांची औषधांची पिशवी स्वतः उघडून पाहा. डॉक्टरांची चिठ्ठी औषधाच्या मूळ नावासह हवी, आणि अशी गोळी असेल तर तिथल्या आरोग्य खात्याची परवानगी आधी घ्यावी लागते. अमली पदार्थांचे कायदे फार कठोर आहेत. विडी-सिगारेट वळायचा कागदसुद्धा आणायला बंदी आहे. ओळखीच्या माणसाचं "छोटंसं पार्सल" नेऊ नका.

प्लास्टिकच्या पिशव्यांवर २०१६ पासून बंदी आहे, कापडी पिशव्या न्या. विजेचं सॉकेट ब्रिटिश पद्धतीचं तीन चौकोनी पिनांचं असतं. मिक्सर-इस्त्रीसाठी दोन-चार अडॅप्टर लागतील. प्रेशर कुकर आणि त्याच्या जास्तीच्या रबरी रिंगा मात्र घेऊनच जा.

५. घर कुठे घ्यावं: वारा आणि पाऊस विचारून

बेटावर बहुतेक वर्षभर आग्नेयेकडून व्यापारी वारे वाहतात. ते पूर्व किनाऱ्यावर आदळतात, पठारावर ढग अडतात आणि पश्चिमेकडे पोचेपर्यंत कोरडे होतात. हे एवढं लक्षात ठेवलं की घरांच्या जाहिराती वेगळ्या दिसायला लागतात.

क्युरपिप, वाक्वा (वाकोआस), फ्लोरेआल हा पठाराचा माथा. थंड, हिरवा, सतत ओला. कपाटातल्या चपलांना बुरशी येते, कपडे दोन-दोन दिवस वाळत नाहीत. दमा किंवा सांधेदुखी असेल तर इथे घर घेण्याआधी जुलैतली एक सकाळ या भागात काढून बघा.

कात्र बोर्न, रोझ हिल, बो बासें थोडे खाली, हवा मध्यम, बाजार आणि शाळा जवळ, मेट्रोवर. एबेनच्या सायबरसिटीत (आयटी कार्यालयांच्या वसाहतीत) नोकरी असेल तर हीच गावं सोयीची. आम्ही कात्र बोर्न निवडलं आणि पुन्हा निवडायचं झालं तरी तेच घेऊ. पोर्ट लुई तीन बाजूंनी डोंगरांनी वेढलेलं, उन्हाळ्यात कोंदट, आणि अतिवृष्टीत खालच्या भागात पाणी भरतं. तिथे नोकरी असली तरी बहुतेक लोक राहतात पठारावर.

पश्चिमेला फ्लिक-आं-फ्लाक आणि तामारें: कोरडं, उन्हाचं, भारतीय आणि दक्षिण आफ्रिकी कुटुंबांची वस्ती वाढलेली. उत्तरेला ग्रां बे: रेस्टॉरंटं, पर्यटक, चढं भाडं. पूर्व किनारा सुंदर आहे, पण थंडीत वारा खिडक्या हलवतो आणि ऑफिसं दूर.

मुलांच्या शाळेचं ठरल्याशिवाय घर पक्कं करू नका. सरकारी शाळांचं वर्ष जानेवारीत सुरू होतं. आपल्याकडे मार्च-एप्रिलमध्ये वर्ष संपवून गेलेलं मूल मधल्याच वर्गात बसतं. माध्यम कागदोपत्री इंग्रजी, परीक्षा केंब्रिजच्या, पण वर्गात समजावणं फ्रेंच आणि क्रेओलमध्ये चालतं. लहान मुलं सहज शिकतात. आठवी-नववीतल्या मुलाला फ्रेंचची शिकवणी भारतातच सुरू करून द्या.

६. भाडेकरार करताना

करार फ्रेंचमध्ये असू शकतो. भाषांतर करून घेतल्याशिवाय सही नको. अनामत, दलालाचं शुल्क आणि पहिलं भाडं मिळून हातात मोठी रक्कम लागते, तिची तजवीज आधी करा. घरातल्या वस्तूंची यादी जोडलेली असते. ताबा घेताना प्रत्येक खोलीचे फोटो काढून त्याच दिवशी मालकाला ईमेल करा. आमच्या ओळखीत एका कुटुंबाच्या अनामतीतून आधीच तडकलेल्या सिंकचे पैसे कापले गेले, कारण पहिल्या दिवसाचा पुरावा नव्हता.

घर पाहायला जाल तेव्हा चार गोष्टी तपासा. छपरावर पाण्याची टाकी आणि पंप आहे का, कारण कोरड्या महिन्यांत नळाला पाणी वेळेनुसार येतं. गरम पाणी सौर आहे की गॅसवर. खिडक्यांना वादळासाठी झडपा किंवा बाहेरून बंद करायची सोय आहे का. भिंतींच्या वरच्या कोपऱ्यांत ओल आहे का. ताज्या रंगाचा वास आला तर कपाट पुढे ओढून मागची भिंत बघा.

७. पैसे, बँक, फोन

"भाडं वीस हजार रुपये" ऐकून आनंदून जाऊ नका. तो मॉरिशसचा रुपया, आणि भारतीय रुपयात तो पावणेदोन ते दोनपटीच्या आसपास पडतो. पहिले काही आठवडे प्रत्येक किंमत मनात दुप्पट करून बघा. नोटांवर इंग्रजीबरोबर तमिळ आणि देवनागरी लिपीही दिसेल.

बँक खात्यासाठी परवाना, राहण्याचा पुरावा आणि नोकरीचं पत्र लागतं. वीज-पाण्याचं बिल तुमच्या नावावर नसेल तर मालकाचं पत्र चालतं का ते शाखेत विचारा. एमसीबी आणि एसबीएम या तिथल्या मोठ्या बँका, तर भारतीय स्टेट बँक आणि बँक ऑफ बडोदा याही आहेत. एमसीबीचं पैसे देण्याचं "ज्यूस" ॲप भाजीवाल्यापासून न्हाव्यापर्यंत चालतं. फेब्रुवारी २०२४ पासून यूपीआय आणि रुपे सुरू झाले आहेत, पण सगळ्या दुकानांत नाहीत, त्यामुळे पहिल्या दिवसासाठी रोकड हवीच. निघण्यापूर्वी भारतातलं बचत खातं अनिवासी खात्यात बदलण्याचं काम सुरू करा.

फोनसाठी माय.टी, एमटेल आणि चिली. सिम पारपत्रावर मिळतं.

८. ये-जा

मेट्रो एक्सप्रेस पोर्ट लुईपासून रोझ हिल, कात्र बोर्न, वाक्वामार्गे क्युरपिपपर्यंत जाते. एक फाटा एबेन आणि रेद्युईकडे आहे. भारताच्या मदतीने लार्सन अँड टुब्रोने ती बांधली. बाकी बेटावर बसचं जाळं चांगलं आहे. तिकीट उतरेपर्यंत जपून ठेवा, तपासनीस मधेच चढतो. खेड्यांकडच्या बस संध्याकाळीच थांबतात, म्हणून किनाऱ्यावरून सूर्यास्त पाहून बसने परतायचा बेत करू नका. टॅक्सीत बसण्याआधी भाडं ठरवा, मीटरवर कुणी चालवत नाही.

गाड्या डाव्या बाजूनेच चालतात, त्यामुळे आपल्याला सवय लावावी लागत नाही. जून ते डिसेंबर ऊसतोडणीचा हंगाम. रस्त्यावर उसाने भरलेले मोठे ट्रक संथ चालतात, त्यांना घाईने ओलांडू नका. शेतांमध्ये काळ्या दगडांचे जुने ढीग दिसतील. ज्वालामुखीच्या दगडांनी भरलेली ती जमीन हाताने वेचून उसासाठी मोकळी केली गेली. दगड वेचणाऱ्यांत गुलाम होते आणि नंतर आपले गिरमिटिये. मला ते ढीग बघितल्याशिवाय या देशाची ओळख पुरी वाटत नाही.

९. बाजार आणि स्वयंपाकघर

मराठी घराची चूल इथे विनासायास पेटते. कात्र बोर्नच्या बाजारात बुधवारी आणि शनिवारी भाजी, गुरुवारी आणि रविवारी कपडे. सकाळी लवकर गेलात तर दव असलेली पालेभाजी मिळते. नावं मात्र शिकून घ्या: भेंडी "लालो", कारलं "मारगोझ", दोडका "पिपंगाय", कोथिंबीर "कोतोमिली", कढीपत्ता "कारिपिले", दुधी "कालबास". अळूची पानं "ब्रेद सोंझ" नावाने जुडीत मिळतात आणि त्यांची अळूवडी उत्तम होते. शेवग्याचा पाला "ब्रेद मुरुम". तांदूळ, चणाडाळ, हळद, जिरं, हिंग सगळं मिळतं. ज्वारी-बाजरीचं पीठ, कोकम सहज मिळत नाही.

रस्त्यावरची पहिली गोष्ट खायची ती दालपुरी. पुरणपोळीसारखीच लाटलेली, आत शिजवून वाटलेली चणाडाळ, पण गोड नाही. हळदीने पिवळसर झालेल्या, रुमालासारख्या मऊ दोन पुऱ्या एकावर एक ठेवून विकणारा त्यांवर मोठ्या पावट्याची आमटी, टोमॅटोचा रुगाय (दाट रस्सा) आणि हिरवी चटणी फासतो आणि कागदात गुंडाळून देतो. मागताना "एन पेर" म्हणायचं, म्हणजे एक जोडी. तिखट किती हे तो विचारतोच. शाकाहारी माणसाला ही गाडी कुठल्याही गावात तारते. "गातो पिमां" ही डाळीची छोटी वडी पावात घालून सकाळी खातात. गरमच खा.

मांसाहार न करणाऱ्यांनी चायनीज फ्राइड नूडल्स आणि सूपबद्दल विचारल्याशिवाय खाऊ नये, माशाचा किंवा कोळंबीचा अर्क असतो.

रविवारी दुपारनंतर बरीच दुकानं बंद. काही गावांत गुरुवारीही दुपारी शटर खाली येतं.

१०. बोलणं आणि वागणं

इंग्रजीवर कामं होतात, क्रेओलवर माणसं मोकळी होतात. दुकानात शिरताच वस्तू न मागता आधी "बोंझुर" म्हणा. न म्हणणं उद्धटपणाचं मानतात. "की मान्येर?" म्हणजे कसं काय, उत्तर "मो ब्यें". "कोम्ये सा?" म्हणजे हे केवढ्याला. "मो पा कोंप्रां", मला समजलं नाही. निरोप घेताना सगळ्या धर्मांचे लोक "सलाम" म्हणतात. वयस्कर मंडळींशी, विशेषतः खेड्यात, हिंदीत बोललात तर ती भोजपुरीत उत्तर देतील.

आणि हे मनापासून सांगते: समोरचा माणूस नावाने, चेहऱ्याने, देवघराने आपल्यासारखा वाटला तरी तो मॉरिशियन आहे. त्याच्या पाच-सहा पिढ्या इथे गेल्या. "तुम्ही तर आपलेच, मूळचे कुठले?" हा आपला पहिला प्रश्न त्यांना नेहमी गोड वाटत नाही. "हिंदू" हा शब्दही तिथे बहुधा हिंदी-भोजपुरी परंपरेच्या लोकांसाठी वापरतात. तमिळ, तेलुगू आणि मराठी समाज आपली ओळख वेगळी सांगतात. जात, पगार, लग्न न झाल्याचं कारण हे विचारायचं टाळा.

सुट्ट्यांची यादी पाहिली की देश कळतो: तमिळांचा कावडी सण, चिनी नववर्ष, महाशिवरात्र, उगादी, ईद, गणेश चतुर्थी, दिवाळी, नाताळ, १ फेब्रुवारीला गुलामगिरीच्या अंताचा दिवस आणि २ नोव्हेंबरला गिरमिटियांच्या आगमनाचा. महाशिवरात्रीआधीच्या दिवसांत हजारो लोक कावडी घेऊन पायी गंगा तलावाकडे जातात. त्या दिवसांत पठारावरून गाडी नेण्याचं काम काढू नका. जमल्यास एक टप्पा त्यांच्याबरोबर चाला.

११. चक्रीवादळाची तयारी

नोव्हेंबर ते मेच्या मध्यापर्यंत वादळांचा हंगाम. १९६० च्या "कॅरोल" वादळाने हजारो घरं पाडली. आज दिसणारी सपाट छपराची काँक्रीटची घरं त्यानंतरची. म्हणून घर बहुतेक टिकतं, पण तयारी तुमची हवी.

वाक्वाची वेधशाळा चार पायऱ्यांनी इशारे देते. पहिला इशारा ताशी १२० किलोमीटरचे झोत येण्याच्या ३६ ते ४८ तास आधी. दुसरा अशा बेताने की उजेडाचे १२ तास हातात राहावेत. तिसरा उजेडाचे सहा तास उरलेले असताना. चौथा म्हणजे तसे झोत नोंदवले गेले आहेत आणि चालू राहणार आहेत. तिसरा लागला की बस, दुकानं, कार्यालयं बंद होतात. दुसऱ्या इशाऱ्यातच सगळे घरी असतील असं नियोजन ठेवा.

पहिल्या इशाऱ्याला ही कामं करा: पिंपं, बादल्या, भांडी पाण्याने भरा. गॅसचा सिलिंडर बघा. बॅटरीवर चालणारा रेडिओ आणि विजेऱ्या तपासा. औषधं, लहान मुलांचं दूध, पोहे, चुरमुरे, टिकाऊ भाज्या आणा. गच्चीतल्या कुंड्या, खुर्च्या, वाळत घातलेले कपडे आत घ्या. गटाराच्या तोंडावरचा पाला काढा. कागदपत्रं प्लास्टिकच्या डब्यात घालून उंचावर ठेवा. गाडी झाडाखाली किंवा ओढ्याकाठी ठेवू नका.

वारा अचानक पडला आणि आकाश उजळलं तर बाहेर पडू नका. तो वादळाचा डोळा असू शकतो. थोड्या वेळाने वारा उलट्या दिशेने तितक्याच जोराने येतो. वाऱ्यापेक्षा पुराचा धोका नवखे लोक कमी लेखतात. जानेवारी २०२४ मध्ये "बेलाल" आलं तेव्हा पोर्ट लुईच्या रस्त्यांवरून गाड्या वाहून गेल्या. ऑफिसात असताना पाणी वाढायला लागलं तर गाडी काढायची घाई करू नका, वरच्या मजल्यावर जा.

वादळानंतर काही दिवस पाणी उकळून प्या. भाजी महागते, डाळी-कडधान्यं घरात असू द्या. साचलेलं पाणी लगेच ओता, कारण मलेरिया नसला तरी डेंग्यू आणि चिकुनगुन्या आहेत.

हे क्रमांक फ्रिजवर लावून ठेवा: पोलीस ९९९ किंवा ११२, रुग्णवाहिका ११४, अग्निशमन ११५.

१२. समुद्र

बेटाभोवती प्रवाळाची कडा आहे आणि तिच्या आतलं पाणी शांत असतं. ती कडा जिथे तुटते तिथे ओढ जबरदस्त. दक्षिणेला सुयाकजवळ ग्री-ग्रीला कडाच नाही, तिथे लाटा बघायच्या, पाण्यात उतरायचं नाही. एरवीही रबरी तळाचे बूट घालूनच पाण्यात जा. दगडासारखा दिसणारा स्टोनफिश वाळूत निपचित पडलेला असतो आणि त्याचा काटा विषारी. लागला तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात पाय बुडवून थेट रुग्णालय गाठा. किनारे सर्वांसाठी खुले आहेत, हॉटेलासमोरच्या वाळूवरूनही चालता येतं.

१३. मराठी मंडळी कुठे भेटतील

गिरमिटियांमध्ये कोकणातून मुंबई बंदरामार्गे आलेले मराठी लोकही होते. त्यांचे वंशज आज वाक्वा, कास्कावेल आणि पश्चिम-दक्षिणेकडच्या गावांत आहेत. घरात बहुतेक क्रेओल बोलतात, पण मराठी सरकारी प्राथमिक शाळांत शिकवली जाते आणि मोका येथील महात्मा गांधी संस्थेत वरच्या वर्गांपर्यंत. कोकणातल्या जाखडी या लोकनृत्याचं त्यांनी जपलेलं रूप "झाकरी" म्हणून ओळखलं जातं. मॉरिशस मराठी मंडळी फेडरेशन गावोगावच्या मंडळांना जोडतं. २०२३ मध्ये मोकाला शिवाजी महाराजांचा पुतळाही उभा राहिला.

त्यांच्याशी ओळख करायची तर गणपतीत करा. आँरिएत या वाक्वाजवळच्या गावात १८९६ पासून गणपती बसतो आणि गणेश चतुर्थीला देशभर सुट्टी असते. मंडळांत परक्याला कुणी अडवत नाही, पण चपला काढून, प्रसादासाठी काहीतरी घेऊन जा. आरत्या तुम्हाला ओळखीच्या असतील, चाली थोड्या वेगळ्या. त्या चालीत म्हणा, त्यांना दुरुस्त करू नका. विसर्जन नदीवर किंवा समुद्रावर होतं. कोणत्या किनाऱ्यावर, किती वाजता निघणार आणि गाड्या कुठे लावायच्या, हे आरती झाल्यावर मंडळातल्या एखाद्या काकांना विचारून घ्या.